कृष्णवर्णीय पुरुषांचं आरोग्य आणि मन : अमेरिकेतल्या मराठी वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यासाठी वेगळं पान कशाला? डॉक्टरला तर सगळेच पुरुष टाळतात.

टाळतात खरे. पण अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषाचं सरासरी आयुष्य गोऱ्या पुरुषापेक्षा साधारण पाच वर्षांनी कमी भरतं, आणि एवढी तफावत नुसत्या टाळाटाळीतून येत नाही. इथल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जणांना उच्च रक्तदाब आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगानं मृत्यू येण्याचं प्रमाण गोऱ्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट आहे. विमा, उत्पन्न, वस्ती, नोकरी, तुरुंग, पोलीस असं बरंच काही या आकड्यांच्या मागे उभं आहे.

या विषयावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ते बोलतच नाहीत हो." ते अर्धंच खरं आहे. बोलतात की. कुठे बोलतात आणि कुणाशी, हे आरोग्य व्यवस्थेनं फार उशिरा विचारलं. खालची बरीच उत्तरं फिरून त्याच मुद्द्यावर येतात.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरीवरचं आपलं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेऊनच. आपल्याकडे त्या अमेरिकी पँथरांचं काळं जाकीट आणि बंदूक लक्षात राहिली, पण त्यांनी वस्त्यावस्त्यांत मोफत दवाखाने चालवले होते हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९७१ मध्ये त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीची मोहीमच काढली होती.

शिवाय रोजचा संबंध आहेच. इथले कितीतरी मराठी लोक डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आहेत. त्यांच्यासमोर हे पुरुष रुग्ण म्हणून बसतात, शेजारच्या टेबलावर सहकारी म्हणून बसतात, आणि आता काही घरांत जावई म्हणूनही.

रक्तदाब त्यांच्या रक्तातच असतो ना? म्हणजे आनुवंशिक?

हा समज डॉक्टरांमध्येही पसरलेला आहे. रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटं आणि शिकागोजवळचं मेवूड अशा ठिकाणच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा रक्तदाब मोजला. पूर्वज साधारण एकाच भागातले. पश्चिम आफ्रिकेत प्रमाण सगळ्यात कमी निघालं, कॅरिबियनमध्ये मधलं आणि मेवूडमध्ये सर्वात जास्त. दोष रक्तात असता तर आफ्रिकेतही तेच आकडे दिसले असते.

मग काय? खाणं आहे, मीठ आहे, वजन आहे, झोप आहे. आणि सतत सावध राहणं आहे. दुकानात मागे मागे येणारा सुरक्षारक्षक, आरशात दिसणारी पोलिसांची गाडी, मीटिंगमध्ये आवाज चढू नये म्हणून घेतलेली काळजी. शरीर हे सगळं मोजत असतं. अर्लाइन जेरोनिमस या संशोधिकेनं १९९२ पासून हेच मांडलं आहे, की सततच्या ताणानं शरीर वयाच्या आधी झिजतं.

टस्कीगीमुळे ते डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाहीत, हे खरं का?

टस्कीगी हे अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीतलं गाव. तिथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर 'अभ्यास' चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. "तुमचं रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतो" असं सांगून त्यांना बिनउपचार ठेवलं आणि रोग कसा वाढतो ते पाहिलं. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला होता. तोही दिला नाही. पीटर बक्स्टन यांनी आतून आवाज उठवला, १९७२ मध्ये बातमी फुटली, आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

बातमी फुटल्यानंतर वयस्क कृष्णवर्णीय पुरुषांचं दवाखान्यात जाणं कमी झालं आणि त्याचा परिणाम आयुर्मानावरही दिसला, असं मार्सेला अल्सान आणि मारियान वानामेकर यांनी आकडेवारीतून दाखवलं आहे. तेव्हा संबंध आहे. पण सगळं खापर टस्कीगीवर फोडणं ही मला पळवाट वाटते, कारण मग दोष पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकांचा ठरतो. मागच्या महिन्यात इमर्जन्सीत चार तास वेदनेनं तळमळत बसलेल्या आणि वर 'औषधाची नशा हवी असेल' असा संशय झेललेल्या माणसाला टस्कीगी आठवायची गरजच पडत नाही.

मग त्यांच्यापर्यंत पोचणारं असं काही आहे का?

आहे, आणि त्याचं सर्वात चांगलं उदाहरण सलूनचं आहे.

कृष्णवर्णीय वस्तीतलं बार्बरशॉप आपल्या पारावरच्या बैठकीसारखं असतं. केस कापून झाले तरी माणूस उठत नाही. बास्केटबॉल, राजकारण, घटस्फोट, मेलेला मित्र, सगळं त्या खुर्चीत निघतं. वर्षानुवर्षं एकच न्हावी, ठरावीक दिवस. घरच्या डॉक्टरपेक्षा न्हाव्याला जास्त माहीत असतं.

लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी हेच धरून प्रयोग केला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ५२ सलून आणि बीपी वाढलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष, सगळे त्या त्या दुकानाचे नेहमीचे गिऱ्हाईक. सुरुवातीला बीपीचा वरचा आकडा सरासरी १५३ च्या आसपास होता. निम्म्या दुकानांत न्हाव्यांनी फक्त सल्ला दिला: डॉक्टरकडे जा, मीठ कमी कर. उरलेल्या दुकानांत फार्मासिस्ट स्वतः येऊन बसला. डॉक्टरांशी आधीच केलेल्या करारानुसार त्यानं तिथेच बीपी मोजलं, तिथेच औषध लिहून दिलं, तिथेच रक्ताची तपासणी केली आणि पुढच्या वेळी डोस वाढवला.

सहा महिन्यांनी सल्ल्याच्या दुकानांत वरचा आकडा नऊ अंकांनी उतरला होता. फार्मासिस्टच्या दुकानांत २७ अंकांनी. १३०/८० च्या खाली आलेल्यांचं प्रमाण एकीकडे बारा टक्क्यांच्या आत, दुसरीकडे जवळजवळ ६४ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकून होता. रक्तदाबाच्या क्षेत्रात असे आकडे सहसा दिसत नाहीत.

यातलं एक बारकं पण महत्त्वाचं: न्हाव्याला डॉक्टर बनवलं नाही. औषध तेच, गोळ्या त्याच. बदलली ती जागा, आणि "हा माणूस आपला आहे, याच्याशी बोल" असं सांगणारा मध्यस्थ. हेच पुरुष, 'ऐकत नाहीत' म्हणून ज्यांची ख्याती, ते वेळेवर गोळ्या घेत होते.

डॉक्टर कृष्णवर्णीय असला तर फरक पडतो का?

पडतो. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये अल्सान आणि सहकाऱ्यांनी सलून आणि जुन्या बाजारांतून कृष्णवर्णीय पुरुषांना एका क्लिनिकमध्ये बोलावलं आणि त्यांना चिठ्ठी टाकल्यासारखे डॉक्टर नेमून दिले. कृष्णवर्णीय डॉक्टर ज्यांना मिळाले, त्यांनी शुगर, कोलेस्टेरॉल अशा तपासण्यांना जास्त होकार दिला, विशेषतः सुई टोचावी लागणाऱ्या तपासण्यांना. आणि ते डॉक्टरांशी इतर गोष्टीही जास्त बोलले.

पण अमेरिकेतल्या डॉक्टरांमध्ये कृष्णवर्णीय जेमतेम वीसात एक. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला दुसराच कुणी येणार, आणि तो दुसरा अनेकदा भारतीय असतो. नजर संगणकावरून उचलून समोरच्याकडे बघणं, तपासणी का करतो आहोत ते सांगणं, त्याच्या प्रश्नाला घाई न करणं, यासाठी वंश एक असावा लागत नाही.

कोणत्या तपासण्या, कोणत्या वयात?

बीपी दरवर्षी, विशीपासून. वजन जास्त असेल तर शुगर पस्तिशीपासून. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी ४५ व्या वर्षी, ही सगळ्यांनाच. अभिनेता चॅडविक बोसमन २०२० मध्ये याच कर्करोगानं गेला तेव्हा तो अवघा ४३ वर्षांचा होता. म्हणून शौचातून रक्त, सवयीत अचानक बदल, कारण नसताना वजन उतरणं असं काही दिसलं तर पंचेचाळिशीची वाट बघत बसू नये.

प्रोस्टेटसाठी अमेरिकन कॅन्सर सोसायटीचं म्हणणं असं की कृष्णवर्णीय पुरुषांनी ४५ व्या वर्षी डॉक्टरांशी पीएसए तपासणीबद्दल बोलावं, आणि वडील-भाऊ अशा जवळच्या नात्यात एकाहून अधिक जणांना कमी वयात हा कर्करोग झाला असेल तर ४० व्या वर्षीच. पीएसए म्हणजे साधी रक्ताची तपासणी. बोट घालून तपासतील या धास्तीनं कितीतरी जण जातच नाहीत. ती तपासणी सक्तीची नाही, हे आधीच सांगून टाकलं तर निम्मं काम होतं.

समलैंगिक आणि उभयलैंगिक कृष्णवर्णीय पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण फार जास्त आहे. आधी घ्यायची प्रतिबंधक गोळी, म्हणजे प्रेप, उपलब्ध असूनही ज्यांना सर्वात गरज त्यांच्यापर्यंत ती सर्वात कमी पोचते. लाजेपोटी डॉक्टर विचारत नाही आणि रुग्ण सांगत नाही. विचारावं.

"स्ट्राँग" असणं वाईट आहे का?

शर्मन जेम्स नावाचे साथरोगतज्ज्ञ नॉर्थ कॅरोलिनात काम करत होते. १९७० च्या दशकात त्यांना एक निवृत्त शेतकरी भेटला. दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणाऱ्याच्या घरात जन्मलेला, शाळा फारशी न शिकलेला, पण राबून राबून स्वतःची ७५ एकर जमीन उभी केलेला. पन्नाशीत त्याला बीपी, संधिवात आणि पोटाचा मोठा अल्सर होता. त्याचं नाव योगायोगानं जॉन हेन्री. लोककथेतला जॉन हेन्री बोगदा खणताना वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि हातातला हातोडा न सोडता मरतो. जेम्स यांनी या अतिकष्टाच्या वृत्तीला 'जॉन हेन्रीइझम' हेच नाव दिलं. हातात साधनं कमी आणि जिद्द अफाट, अशा माणसांत रक्तदाब जास्त चढतो का, हे त्यांनी पुढे तपासलं.

तेव्हा कणखरपणा वाईट नाही. त्या कणखरपणानंच माणसं तगली. पण तो कणखरपणा चोवीस तास अंगावर वागवावा लागतो, आणि तो उतरवून ठेवायला जागा नसते.

नैराश्य ओळखायचं कसं? तो रडत नाही, उलट चिडतो.

तेच लक्षण असू शकतं. पुरुषांमध्ये नैराश्य बऱ्याचदा चिडचिड, झोप उडणं, पाठ-डोकं दुखणं, जास्तीचं काम, जास्तीची दारू, लोकांत मिसळणं बंद होणं अशा रूपात येतं. कृष्णवर्णीय पुरुषाच्या बाबतीत पुढची अडचण अशी की त्याची चीड पाहून समोरचा घाबरतो, विचारपूस करत नाही. चूक तपासणीच्या खोलीतही होते. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की तीव्र नैराश्य असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसण्याची शक्यता गोऱ्या रुग्णांपेक्षा जास्त असते. निदान चुकलं की औषधं चुकतात. असा शिक्का बसला असेल तर दुसरं मत घ्यायला संकोच करू नका.

पोलिसांच्या गोळीबाराच्या बातम्यांचा खरंच एवढा परिणाम होतो?

होतो, आणि तो मोजलाही गेला आहे. 'लॅन्सेट'मध्ये २०१८ साली आलेल्या जेकब बोर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, एखाद्या राज्यात पोलिसांनी निःशस्त्र कृष्णवर्णीय व्यक्तीला ठार मारलं की पुढचे सुमारे तीन महिने त्या राज्यातल्या इतर कृष्णवर्णीयांचं मानसिक आरोग्य खालावतं. गोऱ्यांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे सोमवारी सकाळी ऑफिसात एकाच बातमीनंतर दोन माणसं दोन वेगळ्या अवस्थांत बसलेली असतात.

अशा वेळी सहकारी म्हणून काय बोलावं?

थोडं. "बातमी वाचली. तुझी आठवण आली. बोलायचं असेल तर आहे मी, नसेल तरी हरकत नाही." एवढं पुरे. "तुमच्या समाजाचं याबद्दल काय म्हणणं आहे?" असं विचारू नये, तो प्रवक्ता नाही. "आम्हालाही भेदभाव सोसावा लागतो" ही तुलना लगेच काढू नये. खरी असली तरी ती वेळ त्याची असते.

कृष्णवर्णीय पुरुष एकमेकांना विचारतात ते साधंच असतं: "यू गुड, मॅन?" २०१६ मध्ये रॅपर किड कडीनं आपण नैराश्याच्या उपचारासाठी भरती होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा याच शब्दांचा हॅशटॅग करून हजारो पुरुषांनी आपापलं लिहिलं. दोन वर्षांनी बास्केटबॉलपटू डमार डरोझन स्वतःच्या नैराश्याबद्दल उघड बोलला. तुम्ही हाच प्रश्न विचारला आणि "या, आय ॲम गुड" असं उत्तर आलं, तर आठवड्यानं पुन्हा विचारा. पहिलं उत्तर सवयीचं असतं.

आमचा जावई कृष्णवर्णीय आहे. तो चर्चवर भरवसा ठेवतो, थेरपीला नाही म्हणतो.

दोन्ही एकत्र चालतं, हे त्याला त्याच्याच लोकांकडून कळलं तर जास्त पटेल. "टू ब्लेस्ड टू बी स्ट्रेस्ड", म्हणजे देवाची एवढी कृपा असताना ताण कसला, असं म्हणण्याची पद्धत तिकडे आहे खरी. पण न्यू यॉर्कच्या हार्लेम या वस्तीत १९४६ साली कृष्णवर्णीयांसाठी स्वस्त मानसोपचाराचं लाफार्ग क्लिनिक उघडलं ते सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरातच. फी होती पंचवीस सेंट. आज कित्येक पाद्री स्वतः थेरपी घेतल्याचं व्यासपीठावरून सांगतात.

आणि सासूबाई म्हणून तुम्हालाच एक विचारू? घरात पाहुणे आले की "मुलं कुणावर गेलीत, रंग कसा आहे" ही चर्चा होते का? वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जातला 'गोरा' हा रकाना ज्या समाजानं वर्षानुवर्षं भरला, त्या समाजाच्या घरात तो जेवायला बसतो. त्याला मराठी कळत नसलं तरी सूर कळतो. त्याच्या मनाच्या आरोग्यासाठी तुमच्या हातातली पहिली गोष्ट तीच आहे.

थेरपिस्ट मिळतो कुठे? खर्चाचं काय?

'थेरपी फॉर ब्लॅक मेन' या संकेतस्थळावर राज्यानुसार यादी आहे. फिलाडेल्फियाची 'ब्लॅक मेन हील' ही संस्था कृष्णवर्णीय पुरुषांना काही सत्रं मोफत देते. आर्कान्सातल्या लिटल रॉक इथून सुरू झालेला 'कन्फेस प्रोजेक्ट' न्हाव्यांना शिकवतो, ऐकायचं कसं, धोक्याची खूण कोणती आणि पुढे कुठे पाठवायचं. नोकरीत असाल तर कंपनीच्या सहाय्य योजनेतून बहुधा काही सत्रं फुकट मिळतात, पण तिथे 'कृष्णवर्णीय थेरपिस्ट हवा' असं स्पष्ट सांगावं लागतं. पहिला थेरपिस्ट जमला नाही तर बदलावा.

सिकलसेल तर आपल्याकडेही आहे ना?

हो. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट इथल्या आदिवासी पाड्यांत आणि विदर्भातल्या अनेक दलित कुटुंबांत तो पिढ्यानपिढ्या आहे. अमेरिकेत हा मुख्यतः कृष्णवर्णीयांचा आजार. दर तेरा कृष्णवर्णीय बाळांत एक वाहक असतं. वेदनेचा झटका आला की माणूस अक्षरशः गडाबडा लोळतो, आणि नेमका त्याच वेळी तरुण कृष्णवर्णीय पुरुषाकडे इमर्जन्सीत संशयानं पाहिलं जातं. नेहमीच्या डॉक्टरांकडून 'झटक्याच्या वेळी कोणतं औषध, किती डोस' असं पत्र लिहून घेऊन ते फोनमध्ये ठेवावं, आणि शक्यतो सोबत कुणीतरी जावं. सोबतच्या माणसानं नम्रपणे पण ठामपणे विचारत राहिलं की वागणूक बदलते.

मी नर्स आहे. माझ्या रोजच्या कामात काय लक्षात ठेवू?

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. गडद त्वचेवर ते ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकतं. कोविडच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की कृष्णवर्णीय रुग्णांत ऑक्सिजन कमी असूनही यंत्राच्या नजरेतून सुटण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होतं. आकडा ९३ आहे आणि रुग्ण 'धाप लागते' म्हणतो, तर रुग्णाचं ऐका.

दुसरं मूत्रपिंडाचं. कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक लावून मूत्रपिंडाचं काम प्रत्यक्षाहून बरं दाखवणारं जुनं सूत्र २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या गटानं रद्द करायला सांगितलं. जुना रिपोर्ट हातात आला तर नव्या सूत्रानं पुन्हा बघा. त्या गुणकामुळे काहींचा प्रत्यारोपणाच्या यादीतला नंबर उशिरा लागला.

तो जिवाचं बरंवाईट करेल अशी भीती वाटते. पोलिसांना बोलवायचं का?

आधी थेट विचारा: "मरून जावं असं वाटतंय का?" विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट कोंडी फुटते. घरात बंदूक असेल तर ती काही दिवस बाहेर हलवा. ९८८ ही हेल्पलाइन जुलै २०२२ पासून देशभर आहे, फोन किंवा मेसेज, चोवीस तास, फुकट. बहुतेक कॉल बोलण्यावरच मिटतात, पोलीस क्वचित येतात.

९११ या पोलीस-रुग्णवाहिकेच्या नंबरबद्दलची त्याच्या घरच्यांची धास्ती मात्र उगाच नाही. मार्च २०२० मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये डॅनियल प्रूड याचं मानसिक संतुलन बिघडलं म्हणून भावानं मदतीला फोन केला. पोलिसांनी त्याच्या डोक्यावर जाळीची टोपी घालून त्याला रस्त्यावर दाबून धरलं आणि आठवड्यानं तो रुग्णालयात मरण पावला. काही शहरांनी यातून मार्ग काढला आहे. डेन्व्हरमध्ये २०२० पासून अशा कॉलला मानसिक आरोग्य कार्यकर्ता आणि पॅरामेडिक पाठवण्याची सोय आहे. तुमच्या शहरात तशी सेवा आहे का ते आजच शोधा आणि नंबर फोनमध्ये ठेवा.

९११ लावावाच लागला, तर पहिल्याच वाक्यात सांगा की हा वैद्यकीय प्रसंग आहे, त्याच्याजवळ शस्त्र नाही (खरंच नसेल तर), आणि मानसिक संकटाचं प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पाठवा. त्याचं नाव, आजार, चालू औषधं सांगा. घराबाहेरचा दिवा लावा, एकानं दारात रिकाम्या हातांनी उभं राहावं आणि आलेल्यांना सगळं पुन्हा एकदा सांगावं.